मंगळावरच्या फोटोतली ती विचित्र खूण कसली? रोव्हरचे फोटो वाचायची एक पद्धत

२०२२च्या मे महिन्यात भाच्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "मामा, मंगळावर दरवाजा सापडलाय! फोटो बघ." फोटो बनावट नव्हता, क्युरिऑसिटी या नासाच्या रोव्हरनेच, म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या यंत्रगाडीनेच काढलेला होता. कातळात कोणी छिन्नीने कोरून काढावी तशी चौकट, सरळ कडा आणि आत काळोख. मी त्याला एवढंच विचारलं, "उंची किती आहे रे त्या दरवाजाची?" तासाभराने उत्तर आलं, "ते कुठेच दिलेलं नाहीये."

उंची होती साधारण ३० सेंटीमीटर आणि रुंदी ४०. मांजर आत शिरेल, माणूस नाही. मंगळावरच्या शार्प पर्वताच्या उतारावरच्या त्या कड्यात नैसर्गिक भेगा आहेत. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथला खडक निखळला आणि मागे ही खोबण उरली.

रोव्हरचे कच्चे फोटो बघायचा मला बऱ्याच वर्षांचा छंद आहे. विचित्र खूण दिसली की ती वाचायचा माझा क्रम ठरलेला आहे, तोच इथे देतो. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो: "हे कशासारखं दिसतंय?" हा प्रश्न शेवटी विचारायचा. ढगात हत्ती दिसतो तसा खडकात चमचा, पाऊल, चेहरा दिसणारच. आधी विचारायचं ते हे: फोटो मूळ आहे का, खूण कॅमेऱ्याने केलीय की रोव्हरने, ती केवढी आहे, ऊन कुठून येतंय. एवढं झालं की खडक स्वतःच बोलायला लागतो.

पहिली पायरी: मूळ फोटो गाठा

फॉरवर्ड झालेला फोटो बहुतेक वेळा कापलेला, मोठा केलेला आणि रंग भडक केलेला असतो. त्यावर डोकं चालवण्यात अर्थ नाही. क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या दोन्ही रोव्हरचे कच्चे फोटो नासाच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत बघता येतात. तिथे सोल आणि कॅमेरा निवडून शोधता येतं. सोल म्हणजे मंगळाचा दिवस, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. रोव्हर उतरल्यापासून सोल मोजले जातात. त्या दरवाजाच्या फोटोचा सोल होता ३४६६, आपल्या हिशेबाने ७ मे २०२२.

फाइलच्या नावातच बरीच माहिती असते. क्युरिऑसिटीच्या मास्टकॅमच्या, म्हणजे खांबावरच्या रंगीत कॅमेऱ्यांच्या फोटोचं नाव चार आकडी सोलने सुरू होतं आणि पुढे 'एमएल' म्हणजे डावा किंवा 'एमआर' म्हणजे उजवा कॅमेरा. 'एमएच' असेल तर फोटो माहलीचा, म्हणजे रोव्हरच्या हाताच्या टोकाला असलेल्या जवळून बघणाऱ्या कॅमेऱ्याचा. पर्सिव्हिअरन्सच्या नावात आधी कॅमेऱ्याची अक्षरं येतात, 'एनएल' म्हणजे डावा नॅव्हकॅम (वाट शोधायचा कॅमेरा), 'झेडआर' म्हणजे उजवा मास्टकॅम-झेड, आणि त्यानंतर सोल.

मूळ फोटो मिळाला की त्याच सोलचे बाकीचे फोटोही उघडा, आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या दोन-तीन सोलचेही. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण निम्मी कोडी इथेच सुटतात.

दुसरी पायरी: कॅमेऱ्याच्या खुणा वेगळ्या काढा

एप्रिल २०१४मध्ये क्युरिऑसिटीच्या नॅव्हकॅमच्या फोटोत क्षितिजाजवळ एक उभा प्रकाशाचा ठिपका दिसला आणि मंगळावर कोणीतरी दिवा लावल्याची चर्चा जगभर झाली. पण नॅव्हकॅम जोडीने काम करतो, डावा आणि उजवा डोळा एकाच वेळी फोटो घेतात. ठिपका फक्त उजव्या फोटोत होता, डाव्यात त्याचा मागमूस नव्हता. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर वैश्विक किरण, म्हणजे अंतराळातून येणारा वेगवान कण आदळला किंवा एखादा खडक उन्हात चमकला, अशी दोन साधी कारणं शास्त्रज्ञांनी दिली. म्हणून नियम असा: जोडीतला दुसरा फोटो बघितल्याशिवाय खुणेवर विश्वास ठेवायचा नाही.

आणखी काही सापळे आहेत. फोटो खूप मोठा केला की त्यात काटकोनी भिंती आणि पायऱ्या दिसायला लागतात. जेपेग पद्धतीत चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबलं जातं, त्या चौकोनांच्या या कडा असतात. काही कच्च्या फोटोंवर बारीक चौकटींची जाळी दिसते, ती रंग तयार व्हायच्या आधीच्या सेन्सरची. काळे चौकोन म्हणजे फोटोचा पृथ्वीवर न पोचलेला भाग. आणि बरेच फोटो जोडून केलेल्या मोठ्या चित्रात सांध्यापाशी सावल्या तुटतात. रोव्हरच्या सेल्फीत हात दिसत नाही म्हणून "मग फोटो काढला कोणी?" असं लोक विचारतात. ती सेल्फी हाताच्या टोकावरच्या कॅमेऱ्याने काढलेल्या कितीतरी फोटोंची जोडणी असते आणि हात ज्या तुकड्यांत आला ते तुकडे जोडणीत घेतलेले नसतात.

रंगाचीही खबरदारी घ्या. प्रसिद्ध होणाऱ्या अनेक चित्रांत रंग असे बदललेले असतात की खडक पृथ्वीवरच्या उजेडात दिसेल तसा दिसावा. त्यात राखाडी वाळू निळसर दिसते. "मंगळावर निळं पाणी" ही बातमी त्यातूनच जन्मते.

तिसरी पायरी: ही खूण रोव्हरनेच केलीय का?

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. मंगळावर दिसणाऱ्या सरळ, गोल, ओळीत असलेल्या, म्हणजेच 'कोणीतरी केलेल्या' खुणा बहुतेक वेळा खरोखरच कोणीतरी केलेल्या असतात. तो कोणीतरी म्हणजे आपलाच रोव्हर.

सुरुवात चाकोरीपासून करा. क्युरिऑसिटीची सहा चाकं प्रत्येकी ५० सेंटीमीटर व्यासाची आहेत. वाळूत उमटलेल्या त्यांच्या पट्ट्यात आडव्या रेघांमध्ये अधूनमधून एक वेगळीच नक्षी दिसते, काही छोटे आणि काही लांबट चौकोन. ती मोर्स लिपी आहे. जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी या नासाच्या प्रयोगशाळेच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं, जेपीएल, चाकाला पाडलेल्या भोकांमधून जमिनीवर उमटतात. ही हौस नाही. सपाट वाळूत ओळखीचं काहीच नसतं, तेव्हा रोव्हर मागे वळून या ठशांवरून आपण खरंच किती पुढे गेलो ते ताडतो. चाकाचा परीघ साधारण १५७ सेंटीमीटर. दोन ठशांमधलं अंतर त्याहून कमी भरलं तर चाक जागच्या जागी फिरतंय, वाळूत रुततंय. पर्सिव्हिअरन्सच्या चाकांवर हा ठसा नाही. तिथे ४८ हलक्या वळणाच्या रेघा दिसतात. चाकोरीच्या नक्षीवरून फोटो कुठल्या रोव्हरचा ते सांगता येतं.

खडकावर गोल भोक दिसलं तर मोजा. क्युरिऑसिटीच्या ड्रिलचं भोक १.६ सेंटीमीटर व्यासाचं असतं. फेब्रुवारी २०१३मध्ये गेल विवरात 'जॉन क्लाइन' नावाच्या खडकावर त्याने पहिल्यांदा पूर्ण खोल भोक पाडलं, सुमारे साडेसहा सेंटीमीटर. हा फोटो एकदा शांतपणे बघा. वरचा सगळा पृष्ठभाग गंजलेल्या पत्र्यासारखा तांबूस. त्यात करंगळी जाईल एवढं गोल भोक, शेजारी चाचणीसाठी पाडलेलं दुसरं उथळ भोक, आणि दोन्हींभोवती भुकटीचं कडं. ती भुकटी राखाडी आहे, चुलीतल्या राखेसारखी. मंगळाचा लाल रंग हा वरचा पापुद्रा आहे, आतला खडक लाल नाही, हे त्या एका कड्यात दिसतं.

५ सेंटीमीटरच्या आसपास व्यासाचं घासून गुळगुळीत केलेलं वर्तुळ पर्सिव्हिअरन्सचं असतं. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या आधीच्या दोन रोव्हरची वर्तुळं ४.५ सेंटीमीटरची. घासलेलं नसून नुसतं धूळ झटकलेलं, कडा पुसट असलेलं लंबगोल ठिकाण म्हणजे क्युरिऑसिटीच्या ब्रशची खूण. आणि सारख्या अंतरावर एका ओळीत किंवा चौकोनी मांडणीत सुईने टोचल्यासारखी टिंबं असतील तर तो लेझर. क्युरिऑसिटीचा केमकॅम ७ मीटरपर्यंतच्या खडकावर लेझर मारून त्यातली मूलद्रव्यं ओळखतो. निसर्ग इतक्या सारख्या अंतरावर टिंबं काढत नाही.

चमकणारं काही दिसलं तर उतरतानाच्या सामानाचा संशय घ्या. ऑक्टोबर २०१२मध्ये क्युरिऑसिटीसमोर वाळूत एक चकचकीत कण पडलेला होता, तो यानावरूनच पडलेला प्लास्टिकचा तुकडा असावा असा निष्कर्ष निघाला. जून २०२२मध्ये पर्सिव्हिअरन्सला दगडात अडकलेला चंदेरी वर्खाचा तुकडा दिसला, तो उतरवणाऱ्या यंत्रणेच्या उष्णतारोधक आवरणाचा होता. पुढच्याच महिन्यात शेवयांसारखा दोऱ्याचा गुंता दिसला, तोही उतरतानाच्या सामानातलाच.

ऑपॉर्च्युनिटीची गोष्ट तर या पायरीचा आदर्श धडा आहे. सोल ३५२८च्या फोटोत एक जागा रिकामी होती. सोल ३५४०च्या फोटोत तिथेच सुमारे ४ सेंटीमीटरचा दगड, कडेने पांढरा आणि मधे लाल. दगड उगवला का? आकाशातून पडला का? त्याला 'पिनॅकल आयलंड' नाव मिळालं. फेब्रुवारी २०१४मध्ये आजूबाजूच्या फोटोंत मूळ जागा सापडली. उताराच्या वरच्या बाजूला रोव्हरच्या चाकाखाली एक खडक फुटला होता आणि त्याचा तुकडा घरंगळत पुढे आला होता. म्हणून आधीचे-नंतरचे फोटो बघा असं मी म्हणतो.

पण 'रोव्हरने केलंय' असं कळलं की फोटो मिटवून टाकू नका. स्पिरिटचं पुढचं उजवं चाक २००६मध्ये कायमचं बंद पडलं. तो उलटा चालत ते चाक फरफटत नेऊ लागला आणि मागे एक चर पडत गेला. २००७मध्ये त्या चरात पांढरीशुभ्र माती उघडी पडली. तिच्यात सुमारे ९० टक्के सिलिका, म्हणजे काचेतला मुख्य घटक निघाली. अशी सिलिका साठायला गरम पाण्याचे झरे किंवा ज्वालामुखीची वाफ लागते. आणि ३० मे २०२४ला क्युरिऑसिटी एका खडकावरून गेला, खडक चिरडला आणि आतून पिवळे स्फटिक बाहेर आले. तो होता शुद्ध गंधक. मंगळावर शुद्ध गंधक तोपर्यंत कोणी पाहिला नव्हता. चाकाखालची खूण असली तरी तिच्या आत डोकवायचं ते यासाठी.

चौथी पायरी: माप काढा

बातमीत माप नसतं, पण फोटोवरून ढोबळ माप घरबसल्या काढता येतं. क्युरिऑसिटीच्या नॅव्हकॅमचे दोन डोळे सुमारे ४२ सेंटीमीटर अंतरावर आहेत. डाव्या आणि उजव्या फोटोत एकच दगड थोडा सरकलेला दिसतो. तो किती पिक्सेल सरकला ते कुठल्याही साध्या चित्र-ॲपमध्ये मोजा. आधी क्षितिजावरचा दूरचा डोंगर किती सरकलाय ते बघून तेवढे पिक्सेल वजा करा. मग ५१२ला उरलेल्या पिक्सेलने भागा, मीटरमध्ये अंतर मिळतं. दगड ५० पिक्सेल सरकला असेल तर तो सुमारे १० मीटरवर आहे.

अंतर कळलं की आकार सोपा आहे. अंतर मीटरमध्ये घ्या. नॅव्हकॅमसाठी त्याला ०.८२ने गुणा, डाव्या मास्टकॅमसाठी ०.२२ने, उजव्या मास्टकॅमसाठी ०.०७४ने. येणारा आकडा म्हणजे एका पिक्सेलमागे किती मिलिमीटर. समजा उजव्या मास्टकॅमच्या फोटोत १५ मीटरवरची खूण ३०० पिक्सेल रुंद आहे. १५ गुणिले ०.०७४ म्हणजे १.११ मिलिमीटर, त्याला ३००ने गुणलं की ३३ सेंटीमीटर. हे गणित मूळ आकाराच्या फोटोवरच करायचं. नॅव्हकॅमचा फोटो १०२४ बाय १०२४ पिक्सेलचा आहे का ते आधी तपासा, लहान केलेल्या नमुन्यावर उत्तर चुकतं.

भाच्याला हे शिकवायला एक संध्याकाळ लागली. हाताने आकडेमोड करून एका शिळेची रुंदी काढल्यावर तो म्हणाला, "मामा, आता ती जागा खरी वाटायला लागली." मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

पाचवी पायरी: ऊन कुठून येतंय?

सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात इवलासा उंचवटाही लांब सावली टाकतो आणि सपाट खडकावर भुवया, नाक, तोंड उमटतं. पर्सिव्हिअरन्सच्या फोटोखाली मंगळावरची स्थानिक वेळ दिलेली असते, ती बघा. तीच जागा दुपारच्या उन्हात घेतलेल्या फोटोत सापडली तर चेहरा बहुधा गायब झालेला असेल.

वरून खाली बघत घेतलेल्या जवळच्या फोटोत आणखी एक फसगत होते. ऊन वरून येतं असं डोळा गृहीत धरतो, त्यामुळे ऊन फोटोच्या खालच्या बाजूने आलेलं असेल तर खड्डा फुगीर दिसतो आणि फुगवटा खोल. फोटो उलटा करून बघा, किंवा जो नक्की उठावाचा आहे असा एखादा सुटा खडा शोधून त्याची सावली कोणत्या बाजूला पडलीय ते ठरवा. भेग आहे की भेगेत भरलेल्या कठीण पदार्थाची वर आलेली कड आहे, हे यावरच ठरतं.

सहावी पायरी: आता खडकाला विचारा

यानंतर जे उरतं ते खडकाचं, वाऱ्याचं आणि पाण्याचं काम. इथे आपल्या डोळ्यांना घरची ओळख उपयोगी पडते.

वाऱ्याची पहिली कसोटी दिशा. खड्यांमागे शेपट्या आहेत का, खाचा आहेत का, आणि त्या सगळ्या एकाच दिशेला आहेत का? असतील तर वाळू उडवणारा वारा. वाळूच्या वळ्या तर कोकणातल्या कुठल्याही किनाऱ्यावर पाहिलेल्या असतात, पण मंगळावर एक फरक आहे. क्युरिऑसिटी बॅग्नोल्ड नावाच्या वाळूच्या टेकड्यांपाशी गेला तेव्हा छोट्या वळ्यांच्या जोडीने एकमेकींपासून सुमारे ३ मीटर अंतरावरच्या मोठ्या वळ्याही दिसल्या. विरळ हवेत वाळू अशी रचली जाते, पृथ्वीवरच्या वाळवंटात छोट्या वळ्या आणि टेकड्या यांच्या मधला हा आकार दिसत नाही.

भेगांचं जाळं दिसलं की मला आटलेल्या पाझर तलावाचा तळ आठवतो, मे महिन्यात मराठवाड्यात कुठेही दिसेल असा. जाळ्यात सांधे बघा. चिखल एकदाच सुकला तर एक भेग दुसरीला काटकोनात येऊन थांबते, इंग्रजी टीसारखी. तोच चिखल पुनःपुन्हा भिजला आणि सुकला तर सांधे वायसारखे होत जातात आणि चौकोनांचे षटकोन होतात. क्युरिऑसिटीला २०२१मध्ये 'पोन्तूर' या जागी सुमारे ४ सेंटीमीटर रुंदीचे असे षटकोन मिळाले. म्हणजे तिथे ओले आणि कोरडे ऋतू पुनःपुन्हा येऊन गेले. एका भेगेच्या कोनावरून अब्जावधी वर्षांपूर्वीचं हवामान वाचता येतं, हे मला अजूनही थक्क करतं.

पांढऱ्या रेघा थरांना आडव्यातिडव्या छेदत असतील तर त्या शिरा आहेत. खडक तयार झाल्यावर त्याच्या भेगांतून पाणी फिरलं आणि कॅल्शियम सल्फेट मागे ठेवून गेलं. ऑपॉर्च्युनिटीला २०११मध्ये एंडेव्हर विवराच्या काठाशी मिळालेली 'होमस्टेक' ही अंगठ्याएवढी रुंद शीर जिप्समची, म्हणजे पाणी धरून ठेवलेल्या कॅल्शियम सल्फेटची होती. शीर खडकापेक्षा कठीण असेल तर खडक झिजतो आणि ती कुंपणासारखी उभी राहते. फांद्याफांद्यांचे 'प्रवाळ' आणि 'फुलं' याच घराण्यातली. फेब्रुवारी २०२२चं 'ब्लॅकथॉर्न सॉल्ट' हे फूल जेमतेम १ सेंटीमीटरचं आहे.

काड्यांसारख्या, चांदणीसारख्या बारीक खुणा २०१८मध्ये क्युरिऑसिटीला व्हेरा रुबिन कड्यावर दिसल्या तेव्हा काहींना जीवाश्मच आठवले. त्यातल्या काहींना पाकोळीच्या शेपटीसारखी दुभंगलेली टोकं होती. आटत्या तळ्यात वाढणाऱ्या जिप्समच्या स्फटिकांची ती ठरलेली ओळख आहे. ऑपॉर्च्युनिटीच्या 'ब्लूबेरी' म्हणजे काही मिलिमीटरच्या, हेमटाइट या लोहाच्या खनिजाच्या गोळ्या. भूजलातून लोह साठत साठत त्या खडकात वाढल्या आणि खडक झिजल्यावर मोकळ्या होऊन विखुरल्या.

हे सगळं हाताने चाचपून शिकायचं असेल तर दगड आपल्या दारात आहेत. मंगळाचा मोठा भाग बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचा आहे आणि सह्याद्रीही बेसॉल्टचाच. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या भिंतीत कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे, आत स्फटिकांनी भरलेली पोकळी, सरळ उभ्या भेगा, हे सगळं थांबून बघा. लोणारचं विवर बेसॉल्टमध्ये आघाताने झालेलं आहे आणि मंगळाच्या अभ्यासकांना म्हणूनच ते महत्त्वाचं वाटतं.

सगळ्या पायऱ्या झाल्यावरही जी खूण उरते

जुलै २०२४मध्ये पर्सिव्हिअरन्सने नेरेत्वा व्हॅलिस या कोरड्या नदीपात्रात 'चेयावा फॉल्स' नावाच्या, सुमारे १ मीटर बाय ०.६ मीटरच्या खडकाचे फोटो पाठवले. तांबूस चिखलखडकावर मिलिमीटरभर आकाराचे फिकट ठिपके, प्रत्येकाला काळी कड, बिबट्याच्या अंगावर असतात तसे. भाच्याचा मेसेज आला, पण या वेळी सोल आणि कॅमेऱ्याच्या नावासकट.

आम्ही दोघांनी क्रम लावला. ठिपके एकापेक्षा जास्त फोटोंत आहेत, म्हणजे कॅमेऱ्याचा दोष नाही. मांडणी ओळीत नाही, म्हणजे लेझर नाही. सावली नाही, रंग खडकाचाच आहे. शेजारी कॅल्शियम सल्फेटच्या पांढऱ्या शिरा आहेत, म्हणजे पाणी फिरलेलं आहे. पृथ्वीवरही लाल खडकात असे फिके ठिपके पडतात, लोहाचं रूप बदलणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे, आणि अशा क्रियेवर सूक्ष्मजीव जगू शकतात. रोव्हरच्या उपकरणांना खडकात सेंद्रिय कार्बन आढळला, आणि ठिपक्यांत व्हिव्हिअनाइट आणि ग्रेगाइट या लोहयुक्त खनिजांची चिन्हं. सप्टेंबर २०२५मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या शोधनिबंधाने याला 'संभाव्य जैवखूण', म्हणजे कदाचित जिवांनी मागे ठेवलेली खूण म्हटलं. जीवाशिवायही हे घडू शकतं का, तो रस्ता अजून बंद झालेला नाही. त्यासाठी तो दगड पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत यायला हवा.

त्याचा नमुना पर्सिव्हिअरन्सने कापून घेतला आहे. 'सफायर कॅन्यन' त्याचं नाव, १३ मिलिमीटर जाडीची कांडी, नळीत बंद केलेली. "मामा, ती नळी कधी आणणार?" असं भाचा दर महिन्याला विचारतो.